आधी ज्योत, मग हूक, शेवटी काच

पुणे, १७९०

दिवेलागणीला घटकाभर अवकाश आहे आणि तुम्ही शनिवारवाड्यातल्या गणेश रंगमहालात शिडीवर उभे आहात. हातात मऊ फडकं, समोर काचेची हंडी. कालच्या काजळीचा काळा पट्टा तिच्या आत बसलाय. तो निघाला नाही तर आजचा निम्मा उजेड तिथंच अडणार. खालून जमादार ओरडतो, "अरे, साखळीला हात नको लावूस! हंडी फुटली तर पगारातून कापीन."

याच वर्षी टिपूविरुद्धच्या तहासाठी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात ये-जा करतोय. त्याच्यावर छाप पडावी म्हणून महाल कसा दिसावा, ही चिंता मोठ्या माणसांची. तुमची चिंता एवढीच, की ज्योत रात्रभर टिकावी आणि काच तडकू नये.

त्यासाठीची युक्ती तुमच्या हातातच आहे. हंडीतल्या पेल्यात आधी पाणी ओता, त्यावर तेलाचा थर सोडा, मग वात. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकते आणि आपोआप विझते. पेला तापत नाही, म्हणून तडकतही नाही. विझण्याची सोय दिव्याच्या घडणीतच केलेली आहे.

आता कोपऱ्यातल्या समईकडे बघा. पाच वाती पेटल्यात, पण समईच्या बुडाशी काळोख. दिव्याखाली अंधार ही म्हण घरोघरी दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात. दिवे घडवणाऱ्याच्या लेखी ती त्याच्या मालाबद्दलची तक्रार आहे. ज्योत वर जाते, तेल खाली लागतं, आणि तेलाचं भांडं पितळेचं असलं की त्याची सावली खाली पडणारच. लामणदिव्याचं दुखणं त्याहून मोठं. तो टांगलेला, म्हणून सावलीही थेट बसलेल्या माणसांच्या डोक्यावर. देवासमोर चालतं, कारण तिथं देवाचं तोंड दिसलं की काम झालं. दरबारात माणसांची तोंडं दिसावी लागतात.

हंडीनं हा प्रश्न सोडवला, कारण तिचं बूड पारदर्शक आहे. झुंबरानं पुढचं पाऊल टाकलं. ज्योतींच्या भोवती लोलक टांगले. लोलक स्वतःचा उजेड देत नाही, आहे त्या ज्योतीचे तुकडे करून चहूकडे फेकतो. दाराचा पडदा हलला, झुळूक आली, ज्योत लवली, की भिंतीवरचे ठिपके पळतात. हा खेळ चालतो तो ज्योत बारीक आणि हलती आहे म्हणून. हे मनात पक्कं धरून ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामी लागणार आहे.

आणि एक आकडा. एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्युमेन. तुम्ही ज्या काळातून आलात, तिथला ९ वॅटचा एलईडी बल्ब अशा सत्तरेक मेणबत्त्यांना भारी पडतो. इथं मात्र एकेका ल्युमेनसाठी शिडी चढावी लागते.

लंडन, मे १८५१

हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेचा एक अजस्र मांडव उभा आहे. लोक त्याला क्रिस्टल पॅलेस म्हणतात. आत जगभरच्या मालाचं प्रदर्शन, आणि ऐन मध्यभागी बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर कंपनीचं काचेचं कारंजं: २७ फूट उंच, चार टन स्फटिककाच. गर्दी तोंड वर करून बघते. तुम्ही ते जोडणाऱ्या फिटरांपैकी एक आहात, त्यामुळे गर्दीला दिसत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. काचेच्या पोटात लोखंड आहे. चार टनांची काच काचेच्या जोरावर उभी राहत नाही. भार आतला गाभा पेलतो, काच त्याच्यावर पोशाखासारखी चढवलेली आहे, आणि सगळं कौशल्य तो गाभा कुठूनही दिसू नये यात आहे.

खिशातून एक लोलक काढा. वजन हाताला लगेच जाणवतं, कारण काचेत शिसं आहे. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये इंग्लंडात अशा काचेचं पेटंट घेतलं. शिशानं काच जड होते आणि थोडी मऊही, म्हणून चाकावर तिचे पैलू नीट कापता येतात. शिवाय ती प्रकाशाला साध्या काचेपेक्षा जास्त वळवते आणि त्यातले रंग जास्त फाकवते. पैलूच्या कडेवरून नख फिरवा. कापलेली कड नखाला अडते. साच्यात दाबून काढलेली कड गोलसर असते, नख घसरतं. पावणेदोनशे वर्षांनंतरही दुकानात हीच परीक्षा तुमच्या कामाला येईल.

आता लोलकाच्या डोक्यावरचं भोक बघा. त्यातून पितळेची पिन जाते, लोखंडाची नाही. लोखंड गंजतं आणि गंजाचा तांबूस ओघळ काचेवर उतरतो. पितळ वाकतं, धरून राहतं, पुन्हा सरळ करता येतं. झुंबरात पितळेचं खरं काम हे, सांध्यांचं. सोनेरी दिसणं हा वरचा नफा.

एवढी काच एवढ्या उंचीला रचणं इंग्लंडात इतक्यातच परवडू लागलंय. शंभर वर्षं सरकार काचेवर वजनानं कर घेत होतं. जेवढं जड झुंबर, तेवढा जास्त कर. १८४५ मध्ये तो कर उठला आणि कारखान्यांचे हात मोकळे झाले. ऑस्लरनी त्याच दशकात कलकत्त्याला दुकान थाटलं. गिऱ्हाईक कोण, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं: हिंदुस्थानातले राजेरजवाडे.

ग्वाल्हेर, १८७६च्या सुरुवातीला

जयविलास महालात आज मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत धावपळ चालू आहे. इंग्लंडचा युवराज पाहुणा म्हणून येतोय. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये हा महाल उभा केला. नकाशे मायकेल फिलोज यांचे, इटालियन वंशाच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत असलेल्या घराण्यातले. जिन्याचे कठडेसुद्धा काचेचे आहेत. तुम्ही ते धरता आणि हात लगेच मागे घेता.

दरबार हॉल १०० फूट लांब, ५० फूट रुंद, ४१ फूट उंच. छताला दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टनांच्या घरातलं आणि सुमारे अडीचशे दिव्यांचं. मान दुखेपर्यंत वर बघितल्यावर शेजारच्या कारभाऱ्यांना तुम्ही विचारता, "पडणार नाही ना?"

कारभारी मिशीतल्या मिशीत हसतात. "अहो, वर हत्ती चढवून बघितलेत. झुंबराचं काय घेऊन बसलात?"

ग्वाल्हेरात ही गोष्ट आजही सांगतात. उतरण बांधून हत्ती छतावर नेले आणि छत तोलून बघितलं. कुणी आठ हत्ती म्हणतं, कुणी दहा. आठ धरा. मोठा हत्ती साडेतीन टनांचा धरला तर भार झाला २८ टन. दोन झुंबरं मिळून सात टन. म्हणजे टांगायच्या वजनाच्या चौपट.

ही चौपट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिव्यांसाठीचं आजचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०५९८, टांगत्या दिव्याच्या आधारावर त्याच्या वजनाच्या चौपट भार तासभर ठेवायला सांगतं. हत्तींची गोष्ट तंतोतंत घडली असेल वा नसेल, ती रचणाऱ्याला परीक्षा कशी घ्यावी हे कळत होतं. फरक एकच: हत्ती छत तोलतात, मानक हूक तोलतं. छत शाबूत आणि हूक निसटला, तरी खालच्यांचा निकाल तोच.

कारभारी आणखी एक सांगतात, जे पाहुण्यांना सुचत नाही. झुंबर आधी पसंत केलं आणि मग त्याला जागा शोधली असं इथं झालेलं नाही. ४१ फूट उंचीच्या दालनात लहान झुंबर हरवून जातं. दालन, छत आणि झुंबर यांचा विचार एकत्र करावा लागतो. जी मंडळी घर बांधून झाल्यावर "आता इथं एक झुंबर लावू" म्हणतात, त्यांची खरी अडचण इथंच असते.

तळेगाव दाभाडे, १९०८

भट्टीच्या तोंडाशी उभे आहात. हातात लांब पोकळ नळी, टोकाला लाल काचेचा गोळा. फुंकता फुंकता नळी फिरवत राहायची. थांबलात की गोळा एका बाजूला लोंबतो. घाम डोळ्यांत उतरतोय, तो पुसायला हात मोकळा नाही.

हा पैसाफंडाचा काचकारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून कल्पना मांडली, की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत. टिळकांनी पाठबळ दिलं. तोवर दिव्याची चिमणीसुद्धा बोटीनं यायची. इथं मुलगे काचकाम शिकतात आणि शिकून ठिकठिकाणी जातात. पुढं १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना कऱ्हाडजवळ उभा राहतो. त्या जागेचं नाव ओगलेवाडी पडतं, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचतो.

इथं लोलक नाहीत, पैलू नाहीत. पण झुंबर घडवणाऱ्यानं कंदिलाकडून एक धडा घ्यायलाच हवा. कंदिलाची काच फुटणार, हे धरूनच तो घडवलेला असतो. तार उचलली की चिमणी सुटते, नवी बसते, जत्रेत मिळते. महालातल्या झुंबराचा एक लोलक फुटला की साहेबाच्या देशाला पत्र.

तुम्ही फुंकत असताना तिकडे शहरांत ज्योतच बदलते आहे. तेल, मेणबत्ती, गॅस, सगळ्यांची ज्योत वर जायची. विजेच्या दिव्याला वरखाली नाही, तो उलटा टांगला तरी जळतो. समईपासून चालत आलेला बुडाखालचा काळोख एका फटक्यात संपला. झुंबराचे हात आता खाली वळवता आले, काजळी गेली, शिडी गेली. तरी आजही बाजारात मेणबत्तीच्या आकाराच्या नळ्या आणि त्यावर ओघळलेल्या मेणाची नक्कल असलेली झुंबरं खपतात. ज्योत गेली, तिची सवय राहिली.

भिलाई, ४ फेब्रुवारी १९५९

भंडारा रोडला गाडीत बसलात, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत उतरलात. सोबत भंडाऱ्याचा पितळी गुंड, कारण आईनं तो दिल्याशिवाय निघू दिलं नाही. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या गावचा माणूस लोखंडाच्या गावी आला. इथल्या पोलाद कारखान्यासाठी रशियाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ला, तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी राज्यं नव्यानं आखली गेली, राजधानी भोपाळला गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला. तुमची कामाची वाट मात्र बदलली नाही.

आज राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन करताहेत. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा हा कारखाना ज्यांनी उभा केला, त्या मजुरांच्या वस्त्या म्हणजे कॅम्प. टाउनशिपचे आखीव सेक्टर वेगळे, कॅम्प वेगळा. कॅम्प-१च्या एका गल्लीत तेलुगू, ओडिया, पंजाबी, मल्याळी, छत्तीसगढी आणि तुमची वऱ्हाडी-झाडीपट्टीची मराठी ऐकू येते. घरात उजेड कंदिलाचा.

दिवसा तुम्ही क्रेनच्या टोळीत आहात. पहिल्याच दिवशी फोरमननं शिकवलं ते असं: टांगलेल्या वजनाखाली उभं राहायचं नाही, आणि हुकावर काय ठोकलंय ते वाचल्याशिवाय काही अडकवायचं नाही. प्रत्येक हुकावर तो किती टन पेलतो याचा आकडा असतो. घराच्या छतातल्या हुकावर असा आकडा कुणीच ठोकत नाही.

कॅम्प-१, आज

कॅम्प आता नावापुरता कॅम्प राहिलाय. झोपड्यांच्या जागी दुमजली पक्की घरं, अरुंद गल्ल्या, खाली दुकान, वर संसार. तुम्ही दिवे घडवता. पितळेचं काम मुरादाबादहून मागवता, काच फिरोझाबादहून, दांडे इथल्याच लेथवर कातून घेता. आजचं गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले काकाजी, मूळचे भंडाऱ्याकडचे. मुलाचं लग्न ठरलंय आणि घरात झुंबर हवंय.

बैठक १२ बाय १०, छत साडेनऊ फुटांवर. धंद्यातला ठोकताळा असा, की खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून बेरीज करायची, तेवढे इंच झुंबराचा व्यास. १२ आणि १० म्हणजे २२ इंच. झुंबराचं बूड जमिनीपासून सात फुटांवर हवं, म्हणजे उंचीला उरले अडीच फूट. कागदावर बसतं. पण छताच्या मध्यावर ४८ इंची पंखा आहे.

"काहून भाऊ, पंखा काढता काय?" काकाजी विचारतात. "मे महिन्यात काय झुंबराची हवा घेऊ?"

त्यांचं बरोबर आहे. पंखा ठेवून शेजारी झुंबर टांगलं तर लोलक दिवसभर किणकिणणार आणि पात्यांची सावली भिंतीवर लपलपणार. मग तुम्ही घरभर फिरता. बैठकीत पंख्याला हात न लावता दोन भिंतींवर पितळी दिवालगिऱ्या ठरवता, प्रत्येकीला थोडेच लोलक. आणि झुंबर जिन्यात. तिथं पंखा नाही, वरपर्यंत सतरा-अठरा फूट मोकळी उंची आहे, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस तिथूनच वर जातो. रुंदी कमी, म्हणून आकार उभा: चौदा इंची कडं, त्याखाली लहान होत जाणारी आणखी दोन.

आता ज्योत. काकाजींच्या मुलानं दुधी एलईडी आणून ठेवलेत, उजेड भरपूर म्हणून. एक लावून दाखवा. जिना उजळतो, पण लोलक मेलेले दिसतात. दुधी काचेतून उजेड सगळीकडून सारखाच येतो, पैलूंना तुकडे करायला बारीक ठिणगीच मिळत नाही. मग पारदर्शक काचेचा, आत तारेसारखी पट्टी असलेला एलईडी लावा, २७०० केल्विनचा, पिवळसर. भिंतीवर लगेच ठिपके उतरतात. हलत नाहीत, तेवढं मात्र विजेनं घेतलं ते घेतलंच. ठिपके चालतात ते माणूस जिना चढायला लागला म्हणजे. झुंबर जिन्यात नेल्याचा हा आणखी एक लाभ.

काच कुठली? दुकानदार के-नाइन म्हणून जी देतो तिच्यात शिसं नसतं. ती स्वच्छ असते, स्वस्त असते, पण रंग कमी फाकवते. युरोपात काचेला शिशाची स्फटिककाच म्हणायचं तर तिच्यात निदान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं. सगळे लोलक तसे घेण्याची गरज नाही. बल्बच्या जवळची आणि डोळ्यांच्या उंचीला येणारी रांग शिशाची घ्या, नख फिरवून कापलेल्या कडांची. वरच्या रांगा के-नाइनच्या. खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि काकाजींचे पैसे वाचतात.

पितळ कुठलं? लोखंडावर पितळी मुलामा दिलेली कडी निम्म्या किमतीत मिळते. पण या घरात काकू आहेत आणि काकूंकडे चिंच आहे. पितळ दिसलं की घासणार. मुलामा चार दिवाळ्या टिकायचा नाही, लॅकरही नाही. म्हणून कडी भरीव पितळेची, लॅकर न दिलेली. त्यांच्या मधून जाणारा दांडा मात्र पोलादाचा, पितळी नळीत लपवलेला. प्रत्येक लोलक आपल्या वेगळ्या पितळी पिनेवर, आणि पिशवीत वीस जादा लोलक, फुटतील हे धरून.

उरतो हूक. जिन्याच्या स्लॅबमध्ये कधीकाळी कुणीतरी सोडलेली सळई आहे. झुंबर भरेल आठ किलो. काकाजी मान वर करून सळईकडे बघतात. उभा जन्म क्रेनखाली गेलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. "आठ चोक बत्तीस," ते म्हणतात. "एक घंटा टांगून पाहा."

हत्ती कॅम्पात परवडत नाही, पण छत्तीसगढात तांदूळ घरातच असतो. पंचवीस किलोची गोणी, वर सात किलोची पिशवी, दोन्ही दोरानं आवळून सळईला. खालच्या पायऱ्यांवर कुणाला येऊ द्यायचं नाही. सळईच्या मुळाशी पेन्सिलनं खूण करा आणि बघत राहा: खूण सरकते का, प्लास्टरला केसाएवढी तरी चीर पडते का. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. खूण जिथल्या तिथं.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "झाला न घंटा? मग उतरवा. संध्याकाळचा भात टाकायचा आहे."